पायथॉनच्या नोकऱ्यांचा फलक: फुकट ठेवावा की पैसे घ्यावेत?

२०२३च्या उन्हाळ्यापर्यंत छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या गटात नोकरीची जाहिरात म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्ड मेसेज असायचा. कंपनीचं नाव नाही, पगार नाही, "इच्छुकांनी डीएम करा" एवढंच. दुपारी आलेला मेसेज संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जायचा. परभणी, हिंगोली, बीडची मुलं रात्री मला वेगळं विचारायची, "ताई, ती जागा खरी आहे का?" उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नसायचं. त्यातूनच मराठवाड्यापुरता आणि फक्त पायथॉनचा जॉब बोर्ड काढायचं ठरलं. तो आधी फुकट, मग पैसे घेऊन आणि आता पुन्हा फुकट असा चालवला. नांदेड आणि लातूरकडून हल्ली तीच विचारणा होऊ लागली आहे, म्हणून सगळं क्रमाने आणि खर्चासकट लिहून ठेवते.

जूनमध्ये आधी इतरांचं पाहिलं. पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही २००१ पासूनची ना-नफा संस्था. तिच्या पायथॉन डॉट ऑर्गवरच्या जॉब बोर्डची पद्धत अशी, की जाहिरातीला पैसे नाहीत, पण आलेली प्रत्येक जाहिरात स्वयंसेवक वाचतात आणि मगच ती दिसते. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चा-साइटवर दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी भरतीचा धागा (एका विषयाखालची चर्चा) निघतो. तोही फुकट, फक्त अट एक: लिहिणारा त्याच कंपनीतला हवा, भरती करून देणाऱ्या एजन्सीला तिथे जागा नाही. रस्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांच्या भरतीच्या धाग्यात तर अंदाजे पगाराचा रकाना नमुन्यातच असतो. दुसऱ्या बाजूला वी वर्क रिमोटलीसारखे घरबसल्या कामांचे बोर्ड कंपनीकडून एका जाहिरातीचे तीनशे डॉलरच्या आसपास घेत होते. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून चालू आहे. तिथे मुख्य पैसा कंपन्या देतात, उमेदवाराला नोंदणी फुकट असते आणि बायोडेटा लिहून देण्यासारख्या सेवा वेगळ्या विकत मिळतात. केंद्र सरकारचं नोकऱ्यांचं पोर्टल नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ मध्ये आलं, राज्याचं तसंच महास्वयम आहे. दोन्हीकडे उमेदवाराला खर्च नाही.

एका गोष्टीवर चर्चाच झाली नाही. नोकरी शोधणाऱ्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. आमच्या भागात नोकरीच्या नावाखाली 'रजिस्ट्रेशन फी', 'किट', 'डिपॉझिट' भरून बसलेली घरं आम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहेत. प्रश्न उरला तो कंपनीकडून घ्यायचे की नाही, एवढाच.

ऑगस्ट २०२३ मध्ये फुकट सुरू केलं. साइट गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या 'पेजेस' सेवेवर, त्यामुळे होस्टिंगचा खर्च शून्य. डोमेन (साइटचा पत्ता) वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळालं. पहिला विचार असा होता की जाहिरात गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनावरून पुल रिक्वेस्ट (बदल सुचवणारी विनंती) म्हणून यावी, म्हणजे सगळं उघड आणि नोंदलेलं राहील. पण वाळूजच्या एखाद्या कारखान्यातल्या एचआर मॅडमनी गिट का शिकावं? तो विचार सोडला आणि साधा गूगल फॉर्म ठेवला. फॉर्म भरला की आमच्यापैकी एकजण तपासणार आणि हाताने चढवणार. उमेदवारांचे बायोडेटा आमच्याकडे घ्यायचेच नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्याच महिन्यात संमत झाला होता, पण त्याआधीच आम्हाला ती जबाबदारी नको होती. अर्ज थेट कंपनीच्या ईमेलवर जातो.

पहिल्या महिन्यात जाहिरातींचा पूर आला आणि त्यात बहुतेक क्लासवाले. 'पायथॉन डेव्हलपर, फ्रेशर चालेल, १०० टक्के जॉब गॅरंटी' अशी जाहिरात, आणि फोन केला की तीन महिन्यांचा कोर्स आणि त्याची फी. मग आला बॉन्डचा प्रकार: दोन वर्षं सोडायचं नाही, दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट कंपनीत जमा. जाहिरातीत यातलं काही लिहिलेलं नसायचं. फॉर्म फुकट असल्यामुळे तीच जाहिरात वेगवेगळ्या नावांनी पुन्हा यायची.

तपासणी आम्ही कशी बसवली ते जरा सविस्तर सांगते, कारण असा फलक काढणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होईल. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव किंवा सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) टाकून ती कधी नोंदली आणि चालू आहे का ते पाहायचं. जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटी क्रमांक टाकला की व्यवसायाचं कायदेशीर नाव आणि नोंदणी जिवंत आहे की रद्द झाली ते कळतं. तिसरी जागा फार थोड्यांना माहीत असते: भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा आस्थापना शोध. कंपनीचा पीएफ कोणत्या महिन्याचा कधी भरला आणि तो किती कर्मचाऱ्यांचा होता, हे तिथे दिसतं. 'आमची ८० जणांची टीम' म्हणणाऱ्याचा पीएफ पाच जणांचाच भरला जात असेल, तर फोनवर काय विचारायचं ते आपोआप ठरतं. लहान कंपनी पीएफखाली येत नसेल तर तो तिचा दोष नाही, तेवढं भान ठेवावं लागतं. शेवटी फोन. तोही मोबाइलवर नाही, शक्यतो कार्यालयाच्या क्रमांकावर, आणि प्रश्न ठरलेला: ही व्यक्ती रुजू झाली की पहिल्या महिन्यात नेमकं काय करणार? खऱ्या जागेचं उत्तर अडखळत का होईना, पण कामाबद्दल येतं.

एवढं करायला एका जाहिरातीला अर्धा-पाऊण तास सहज जायचा. आम्ही सगळे नोकरी करणारे. दिवाळीनंतर तपासणीचा ढीग साठला, जाहिराती आठ-आठ दिवस अडकू लागल्या आणि गटातली एक मैत्रीण सरळ म्हणाली, "मला जमणार नाही आता, घरी लेकरू लहान आहे." तिचं बरोबरच होतं. फुकट म्हणतो तेव्हा कुणाची तरी संध्याकाळ त्यात खर्ची पडत असते.

जानेवारी २०२४ मध्ये बैठक झाली आणि पैसे घेऊन पाहायचं ठरलं. दोन अपेक्षा होत्या. एक, फी लावली की क्लासवाले गळतील. दोन, तपासणाऱ्याला थोडं मानधन देता येईल. मग प्रश्न आला, पैसे घ्यायचे कुणाच्या खात्यात? इथून कागदपत्रांचा भाग सुरू होतो.

कुणीतरी सुचवलं, माझा यूपीआय क्यूआर कोड टाकून द्या. मी नाही म्हटलं. गटाचा पैसा एकाच्या बचत खात्यात आला की हिशोब कितीही चोख ठेवा, संशयाला जागा राहतेच. दुसरा मार्ग संस्था नोंदवण्याचा. त्याला १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, घटना आणि नियमावली, जागामालकाचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्रं लागतात, आणि आपल्या राज्यात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. एवढ्यावर ते संपत नाही. दरवर्षी हिशोबांचं लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. आमच्यातली निम्मी माणसं दर वर्ष-दोन वर्षांनी पुण्याला जातात. एक जॉब बोर्ड चालवायला हे ओझं झेपणारं नव्हतं. मोठी परिषद भरवायची असेल, देणग्या घ्यायच्या असतील तर मात्र संस्थाच करावी, असं माझं मत आहे.

शेवटी माझ्या नावावर एकल मालकी आणि गटाला दर महिन्याला हिशोबाची पत्रिका, असं ठरलं. उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची नोंद) सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. शोधताना वर दिसणारी बरीच संकेतस्थळं एजंटांची असतात आणि पैसे मागतात, तिथे जाऊ नका. शॉप ॲक्टला (दुकाने व आस्थापना कायदा) तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर २०१७च्या कायद्यानुसार नोंदणी लागत नव्हती, फक्त सूचना द्यायची होती, तीही ऑनलाइन. हे दोन कागद घेऊन बँकेत चालू खातं उघडायला गेले. तिथे मात्र वेळ गेला. घराचा पत्ता व्यवसायाचा पत्ता कसा, बोर्ड कुठे लावलाय, 'जॉब बोर्ड' म्हणजे प्लेसमेंट एजन्सी का, असे प्रश्न निघाले. बँकेचे साहेब घरी येऊन पाहून गेले. दारावर नावाची पाटी लावून फोटो काढून ठेवा, हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक आठवडा वाचला असता. खातं मार्चमध्ये उघडलं. त्यात किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधीच विचारून घ्या. चालू खात्याला ती बचत खात्यापेक्षा बरीच जास्त असते.

पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेला) साइटवर अटी-शर्ती, गोपनीयता धोरण, परताव्याचं धोरण आणि संपर्काचं पान हवं होतं. ही पानं नसली तर अर्ज परत येतो. गेटवेचा आकार प्रत्येक व्यवहारावर दोन टक्के आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. आमची स्वतःची जीएसटी नोंदणी लागत नव्हती, कारण सेवांसाठी वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे आणि आम्ही तिच्या आसपासही जाणार नव्हतो. मात्र नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावता येत नाही, साधं बिल द्यायचं. हे सीएंनी पहिल्याच भेटीत ठणकावून सांगितलं. त्यांनी त्या भेटीचे पैसे घेतले नाहीत, त्यांचा मुलगा आमच्या गटात येतो.

एप्रिल २०२४ पासून दर ठरला: ३० दिवसांच्या जाहिरातीला १,५०० रुपये.

पुढच्या पाच-सहा महिन्यांत जे दिसलं ते मला अजून महत्त्वाचं वाटतं. क्लासवाले गेले नाहीत. त्यांना १,५०० रुपये म्हणजे काहीच नाही. एक विद्यार्थी मिळाला तरी ते कित्येक पटींनी वसूल होतात, आणि पैसे भरलेली जाहिरात मुलांना जास्त विश्वासाची वाटते. भरती करून देणाऱ्या एजन्सीही राहिल्या, त्यांचा तो रोजचा खर्च आहे. पुण्या-बंगळुरूच्या काही चांगल्या कंपन्या आल्या, त्यांनी कार्डाने दोन मिनिटांत पैसे भरले. गेले ते आमचे जवळचे लोक.

मराठवाड्यातली पायथॉनची खरी कामं कुठे असतात, हे इथे सांगायला हवं. इथे सॉफ्टवेअर कंपन्या थोड्या. पण वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत कॅमेऱ्याने माल तपासायला, मशीनचा डेटा गोळा करून अहवाल काढायला पायथॉन लागतं. जालन्यात पोलादाच्या आणि बियाण्यांच्या धंद्यात वीजवापराचे आकडे, चाचणी प्लॉटच्या नोंदी असतात. साखर कारखान्यांना गाळपाचे तक्ते हवे असतात. ही मंडळी स्वतःला आयटी कंपनी समजत नाहीत. त्यांच्याकडे अशी जागा दोन वर्षांतून एकदा निघते. जालन्याच्या एका कारखान्याचे व्यवस्थापक आधीच्या वर्षी फोनवर म्हणाले होते, "मॅडम, आम्हाला पोरगं असं पाहिजे, कॉम्प्युटर येऊ द्या अन् भट्टीजवळ उभं राहायची लाज नको." तीन दिवसांत त्यांना मुलगा मिळाला होता. फी लागल्यावर त्यांनी दुसरी जागा काढली तेव्हा प्रकरण अकाउंट्सकडे गेलं. तिथून व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आला, पॅन, कॅन्सल चेक, जीएसटी नसल्याचं लेखी पत्र, आणि खरेदी विभागाची मंजुरी. १,५०० रुपये त्यांना जड नव्हते. १,५०० रुपये कुणाला तरी द्यायचे म्हटल्यावर जी यंत्रणा हलवावी लागते ती जड होती. महिनाभर वाट पाहून त्यांनी ओळखीतून माणूस घेतला. असंच आणखी काही ठिकाणी झालं. सिडकोतल्या दोन-तीन माणसांच्या फर्मनी तर विचारणंच बंद केलं.

म्हणजे ज्या मुलांसाठी हे सुरू केलं, ज्यांना गाव-घर सोडून पुण्याची ट्रॅव्हल्स धरायची नाही, त्यांच्याच जवळच्या जागा फलकावरून गेल्या. फीने कचरा गाळला गेला नाही, आमचाच माल गळाला.

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागली. पैसे घेतले की नकार देणं अवघड होतं. एका जाहिरातदाराने मूळ कागदपत्रं जमा करायची अट लपवली होती. आम्ही जाहिरात काढली, तर त्याचा फोन, "पैसे घेतलेत ना? मग तीस दिवस पूर्ण करा." पैसे परत केले. परताव्यात गेटवेचा आकार आम्हाला परत मिळाला नाही, तो भुर्दंड आमच्यावर. रक्कम किरकोळ होती. पण त्या फोननंतर दोन दिवस मी प्रत्येक जाहिरात नाकारताना मनात हिशोब करत होते, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. तपासणाऱ्याचा निष्ठेचा धागा अर्ज करणाऱ्या मुलाशी असला पाहिजे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गटापुढे सगळा हिशोब ठेवला. मानधन, गेटवे आणि परतावे जाऊन फार थोडे उरले होते, ते पुढच्या डोमेनला ठेवले. फी बंद केली आणि तिच्या जागी अटी आणल्या. पगाराचा आकडा, किमान ते कमाल, लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. 'नियमानुसार' हा शब्द चालत नाही. बॉन्ड असेल तर किती महिन्यांचा आणि किती रकमेचा ते जाहिरातीत दिसणार. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्याची आणि उमेदवाराकडून कोणत्याही नावाने पैसे घेणाऱ्याची जाहिरात लागणार नाही. भरती एजन्सी नाही, कंपनीतलाच माणूस हवा.

पगाराच्या अटीवर खूप वाद झाले. "आतले लोक पाहतील ना मग, त्यांना काय सांगू?" असं एका फर्मच्या मालकांनी मला विचारलं. त्यांची अडचण खरी होती. अमेरिकेत कोलोरॅडोने २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून जाहिरातीत पगार लिहिणं कायद्याने सक्तीचं केलंय, आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे आम्ही फक्त आमच्या फलकापुरती अट घालू शकत होतो. त्यांनी तेव्हा जाहिरात दिली नाही. जानेवारीत दिली, आकड्यासकट. क्लासवाले मात्र या रकान्यापाशी अडखळले, कारण पगार लिहिला की तो कोण देणार हा प्रश्न येतो. फीने जे जमलं नाही ते या एका रकान्याने बरंचसं केलं.

तपासणीचा भार आता महिन्याच्या पाळीने वाटला आहे. एका महिन्यात दोघंच तपासतात, बाकीच्यांनी त्यात लक्ष घालायचं नाही. पाळी संपली की पुढचे काही महिने मोकळे. मैत्रीण परत आली आहे. जाहिरात तीस दिवसांनी आपोआप उतरते. जागा भरली की उतरवायला सांगा म्हणून विसाव्या दिवशी कंपनीला ईमेल जातो, कारण भरलेल्या जागेवर अर्ज करून वाट पाहत बसणं फार वाईट. पानात गूगलला कळेल अशी जाहिरातीची माहिती, म्हणजे ठिकाण, पगार, शेवटची तारीख, कोडमध्येच घातली आहे. त्यामुळे 'जालना पायथॉन नोकरी' असं शोधणाऱ्यालाही ती सापडते. तारीख उलटलेली जाहिरात तशीच ठेवली तर गूगलची कारवाई होऊ शकते, तेवढं सांभाळा.

मागे राहिलेली कागदपत्रंही आवरावी लागली. त्या वर्षी मला पगाराबरोबर व्यवसायाचं उत्पन्न दाखवावं लागलं, त्यामुळे नेहमीचा आयटीआर-१ हा प्राप्तिकराचा फॉर्म चालला नाही. पगारदार माणसाने असं काही करायचं ठरवलं तर सीएंना एप्रिलमध्येच सांगून ठेवावं, जुलैमध्ये नाही. नोकरीच्या ठिकाणीही मी आधी लेखी परवानगी घेतली होती. बऱ्याच नेमणूकपत्रांत बाहेरच्या कामाची अट असते, ती वाचून घ्या. चालू खातं बंद करायला न वापरलेलं चेकबुक परत द्यावं लागलं, ते सांभाळून ठेवा. गेटवेवरचं शेवटचं येणं खात्यात जमा झाल्याशिवाय खातं बंद करू नका.

आता वर्षाचा खर्च डोमेनचा आणि फोनचा. सध्या गटात वाद चालू आहे तो घरबसल्या करायच्या कामांचा: बंगळुरूची कंपनी पूर्ण रिमोट जागा देत असेल, तर ती मराठवाड्यापुरत्या फलकावर घ्यायची का? माझं मत घ्यावी असं आहे, कारण लातूरची मुलगी लातुरात राहून ते काम करू शकते. काहींचं म्हणणं असं की मग कारखान्यांच्या जागा पुन्हा खाली दबतील. पुढच्या महिन्यापासून दोन वेगळे विभाग करून पाहणार आहोत, वर जिल्ह्यांतल्या जागा आणि खाली रिमोट. नांदेड-लातूरकरांना आमचा फॉर्म आणि तपासणीचा तक्ता जसाच्या तसा हवा असेल तर मागा, देते.